दंड हवा, उपचारही हवा

मांडवीपासून फार दूर नसलेल्या कारेलीबागेत १३ मार्च २०२५ रोजी, होळीच्या रात्री, एका भरधाव मोटारीने अनेकांना उडविले आणि एका महिलेचा बळी घेतला. चालकाने अमली पदार्थ घेतले होते, असे पुढे पोलिसांनी सांगितले. दोषादोषाचा निर्णय न्यायालय करील. परंतु अशा प्रसंगी शिक्षा अधिक कडक करण्याची जी मागणी होते, तिचा विचार शांतपणे झाला पाहिजे.

मद्यधुंद चालकाचा पहिल्या अपराधाचा दंड २०१९ साली दोन हजारांवरून दहा हजार रुपये झाला. सहा महिन्यांपर्यंतची कैदही कायद्यात आहेच. धाक शुद्धीवरच्या माणसाला आवरतो. व्यसनाच्या विळख्यात सापडलेला मनुष्य मात्र दंड भरून पुन्हा चाकामागे बसतो. गुजरातेत तर दारूबंदीमुळे व्यसनाची कबुली ही गुन्ह्याचीच कबुली ठरेल, या भीतीने कुटुंबे ते झाकून ठेवतात. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार होऊ शकतो, हे पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने १९८६ पासून दाखवून दिले आहे.

मग उपचाराचे नाव काढताच लोक का संतापतात? त्याचे उत्तरही पुण्यातच आहे. १९ मे २०२४ रोजी कल्याणीनगरात दोन तरुण अभियंते मोटारीखाली ठार झाले आणि अल्पवयीन आरोपीला काही तासांतच तीनशे शब्दांचा निबंध व व्यसनमुक्तीचे उपचार अशा अटींवर जामीन मिळाला. उपचार ही जणू श्रीमंतांची पळवाट ठरली!

आमच्या मते भेद स्पष्ट असावा. ज्याने जीव घेतला, त्याला शिक्षा झालीच पाहिजे. उपचार तुरुंगातही देता येतात. परंतु कोणालाही इजा होण्यापूर्वी जो तपासणीत सापडला आणि वैद्यकीय परीक्षेत व्यसनी ठरला, त्याचा परवाना रोखून न्यायालयाच्या देखरेखीखाली त्याला उपचारास पाठवावे. उपचार अर्ध्यावर सोडल्यास कैद भोगावी लागावी. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात अल्प प्रमाणातील गुन्ह्यासाठी व्यसनी व्यक्तीला उपचारार्थ सोडण्याची तरतूद आहे. मोटार वाहन कायद्यात ती का नसावी?

अपघातानंतरची शिक्षा मृताला परत आणीत नाही. अपघातापूर्वीचा उपचार मात्र कोणाचा तरी जीव वाचवू शकतो.