पाहुण्याचा धर्म

गेल्या मार्गशीर्षांत घरांतील वडील मंडळींना घेऊन आम्ही मुंबईस अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलांत दोन रात्री राहिलों. समुद्राकडील खोल्यांचें भाडें अधिक, म्हणून आम्हींच शहराकडील खोल्या घेतल्या. आणि खिडकींतून समुद्र दिसत नाहीं म्हणून आम्हींच कुरकुर केली!

जमशेटजी टाटांच्या या हॉटेलाचें दार १९०३ सालीं उघडलें. मूळ आराखड्यांत सीताराम खंडेराव वैद्य या स्थापत्यविशारदांचा हात होता, हें मुलांना सांगतांना आमची मान ताठ झाली होती. ती झुकली प्रवेशदालनांतील स्मारकापुढें. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं सुरू झालेल्या हल्ल्यांत येथें बळी पडलेल्या ३१ जणांचीं नांवें तेथें आहेत. त्यांत पाहुणे आहेत, तसे पाहुण्यांना वांचवितांना प्राण गमावलेले सेवकही आहेत.

अतिथीला देव मानावें, असें आपण मुलांना शिकवितों. पण अतिथीनें कसें वागावें, हें शिकवितों काय? त्या सायंकाळीं चहा आणणाऱ्या तरुणाला आजींनीं आधीं त्याचें नांव विचारलें, आणि मग पेला हातीं घेतला. भाडें चुकतें केलें म्हणजे पाहुण्याचें ऋण फिटतें, असें आतां आम्हांस वाटत नाहीं.