सुई टळेल, पण हिशेब कोण देणार?

'आता इन्सुलिन सुरू करावे लागेल,' असे डॉक्टरांनी म्हणताच मधुमेहाचा रुग्ण बहुधा एकच प्रश्न विचारतो, 'गोळीने नाही का भागणार?' हा प्रश्न इन्सुलिनइतकाच जुना आहे. टोरांटोमध्ये १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले. जानेवारी १९२२ मध्ये ते चौदा वर्षांच्या एका मुलाला प्रथम टोचले गेले. पुढे शतकभर प्रयत्न होऊनही इन्सुलिनची गोळी औषधाच्या दुकानात आली नाही. असे का व्हावे?

कारण आपल्या पोटातच आहे. इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांचे छोटेसे प्रथिन. वरणातले प्रथिन कोणते आणि औषधातले कोणते, हे पोटाला कळत नाही. ते दोघांचेही सारखेच तुकडे करते. त्यातून काही वाचलेच, तरी एवढा मोठा रेणू आतड्याच्या अस्तरातून रक्तात सहसा शिरत नाही. म्हणून श्वासाची वाटही चोखाळून झाली. फायझर कंपनीच्या हुंगण्याच्या इन्सुलिनला अमेरिकेत जानेवारी २००६ मध्ये परवानगी मिळाली. ऑक्टोबर २००७ मध्ये कंपनीनेच ते मागे घेतले.

पोटाच्या या पहाऱ्यातून वाट काढली ती सेमाग्लुटाइडने. आतड्यातल्या एका संप्रेरकाच्या धर्तीवर बनवलेले हे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. आधी ते आठवड्यातून एकदा टोचून घ्यावे लागे. डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीच्या गोळीला सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि २०२२ साली ती भारतातही आली. या गोळीत सॅल्काप्रोझेट सोडियम नावाचा साथीदार असतो. तो गोळीभोवतीचे आम्ल तेवढ्यापुरते सौम्य करतो आणि जठराच्या अस्तरातून औषधाला आत शिरू देतो. मात्र त्यासाठी गोळी सकाळी अनशापोटी, अर्ध्या पेल्याहून कमी पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास चहासुद्धा घ्यायचा नाही. आपल्या घरांत हे पथ्य सुईइतकेच जड जाणार!

खरी गोष्ट आहे ती जमाखर्चाची. इंजेक्शनची एक नेहमीची मात्रा आठवड्याला १ मिलिग्रॅम. गोळीची मात्रा रोज १४ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे आठवड्याला ९८. गिळलेल्या औषधापैकी जेमतेम एक टक्का रक्तात पोचते, बाकीचे वाया जाते. शंभर रुपये भरून खात्यात एकच रुपया जमा होत असेल, तर असे खाते कोण उघडील? तरीही सेमाग्लुटाइडचे निभावते, कारण ते शरीरात आठवडाभर टिकते. एखाद्या दिवशी जमा कमी झाली तरी मागची शिल्लक सांभाळून घेते.

इन्सुलिनचे तसे नाही. आज थोडे जास्त शोषले गेले तर साखर एकदम उतरून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. उद्या कमी शोषले गेले तर साखर चढते. त्यावर टिकाऊ इन्सुलिनचा उपायही याच कंपनीने करून पाहिला. पन्नास रुग्णांवरच्या आठ आठवड्यांच्या चाचणीत गोळीने साखर टोचलेल्या इन्सुलिनइतकीच आटोक्यात ठेवली. पण त्यासाठी इन्सुलिन इतके लागत होते की धंद्याच्या दृष्टीने ते परवडेना, आणि काम थांबवले गेले. शास्त्र जिंकले आणि हिशेबात हरले.

म्हणून आता दुसरी वाट धरली जात आहे. पेप्टाइडला पोटातून सुखरूप नेण्याऐवजी त्याचेच काम करणारा, पण पेप्टाइड नसलेला लहान रेणू घडवायचा. जपानच्या चुगाई कंपनीने शोधलेला आणि अमेरिकेच्या एलाय लिलीने २०१८ मध्ये हक्क घेतलेला ऑर्फोर्ग्लिप्रॉन हा त्यातलाच. त्याला अनशापोटाची अट नाही. मात्र तो सेमाग्लुटाइडच्या पंक्तीतला आहे, इन्सुलिनच्या नव्हे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांच्यासाठी गोळी यायलाच हवी, आणि ती परवडणारीही हवी. पण तिची वाट पाहत आजचे इन्सुलिन लांबणीवर टाकणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. साखर काही गोळीसाठी थांबत नाही. डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा यांच्यावर तिची वसुली चालूच असते. आणि ज्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यांच्यासाठी तर ही बारीक सुई म्हणजेच जीवन आहे. घरातल्या कुणाला डॉक्टरांनी ती सांगितली असेल, तर भीती घालवायला त्याच्याजवळ बसा. उद्याच्या गोळीचे आश्वासन मात्र देऊ नका.