बाईंच्या गालावरचं फुलपाखरू

मुलांनो,

दर आठवड्याला या पानावर मी तुम्हाला माझ्या वर्गातली एखादी गोष्ट सांगते. बहुतेक वेळा त्या गोष्टीत चूक कुणातरी मुलाची असते आणि शहाणपण बाईंकडे असतं. हो ना? आज मात्र उलटं आहे. आज चूक बाईंची आहे.

गेल्या डिसेंबरात आमच्या केंद्राच्या क्रीडास्पर्धा होत्या. तीन दिवस मी मैदानावर उभी. खो-खो, लंगडी, कबड्डी! डोक्यावर टोपी नाही की छत्री नाही. तिसऱ्या दिवशी घरी येऊन आरशात पाहते तर काय, दोन्ही गाल आणि मधलं नाक लालबुंद! हात लावला की चुरचुरायचं. वाटलं, ऊन लागलं असेल, जाईल दोन दिवसांत.

दोन दिवस गेले, दोन आठवडे गेले, लाली काही गेली नाही.

आता आपल्याकडे कसं असतं, तुम्हाला ठाऊकच आहे. दुखणं एक आणि डॉक्टर शंभर! शेजारच्या काकू म्हणाल्या, "वांग आहे गं, जायफळ उगाळून लाव." सासूबाई म्हणाल्या, "अंगावर पित्त उठलंय, कोकम घे." कुणी म्हणालं इसब, कुणी म्हणालं गजकर्ण. शाळेतल्या एका बाईंनी तर पर्समधून ट्यूबच काढून दिली. "मेडिकलमधून आणलीय. चार दिवसांत चेहरा लख्ख होतो बघ."

आणि झालाही की! चार दिवसांत लाली गेली. मी खूश. पण मलम थांबवलं की पाचव्या दिवशी लाली हजर, पहिल्यापेक्षा जास्त. पुन्हा मलम. असं करत करत मी दोन महिने काढले. त्या ट्यूबवर काय लिहिलंय हे मी, तुम्हाला "प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा" असं रोज सांगणारी बाई, एकदाही वाचलं नाही.

मार्च उजाडला तेव्हा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. त्यातच सकाळी उठल्यावर बोटं आखडायला लागली. खडू धरायलासुद्धा त्रास. दुपारी इतका थकवा यायचा की वाटायचं, टेबलावर डोकं टेकून झोपावं. एका डॉक्टरांनी ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी साबण बदलायला सांगितला. उपयोग शून्य.

आणि मग वर्गात एक गोष्ट घडली. मी एका मुलाला फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं आणि माझ्या हातातला खडू पुढे केला. त्यानं तो घेतला नाही. खाली पडलेला दुसरा तुकडा उचलला. मागच्या रांगेतून हळूच आवाज आला, "बाईंना लागट झालंय."

मुलांनो, मी रागावले नाही. मला रागावताच आलं नाही. कारण मला दुसरंच काहीतरी आठवलं.

त्याच्या आदल्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचं नाव मी सांगणार नाही. तिच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर लाल चट्टे होते, त्यांवर पांढरट पापुद्रे. मी पाहिलं आणि मनाशी ठरवून टाकलं, हे गजकर्णच. इतर मुलांना लागू नये म्हणून मी तिला दाराजवळ वेगळ्या बस्करावर बसवलं. पंधरा दिवस ती तिथं एकटी बसली. मग तिची आई डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली. त्या आजाराचं नाव सोरायसिस. तो शिवल्यानं, जवळ बसल्यानं, एका ताटात जेवल्यानंसुद्धा कुणाला होत नाही. मी तिला पुन्हा रांगेत बसवलं, पण वर्गाला एक शब्दही सांगितलं नाही. तिलाही नाही. जणू काही झालंच नव्हतं.

खडूचा प्रसंग झाला त्याच दिवशी, मधल्या सुट्टीत, ती मुलगी माझ्याकडे आली. ती आता पाचवीत होती. जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, दुखतं का हो?"

चार महिन्यांत सगळ्यांनी मला "काय झालंय?" विचारलं होतं, "काय लावतेस?" विचारलं होतं. दुखतं का, हे कुणी विचारलं नव्हतं. आणि हा प्रश्न मीही तिला कधी विचारला नव्हता.

मी म्हटलं, "चुरचुरतं गं. आणि बोटं दुखतात."

ती म्हणाली, "मग वहीत लिहून ठेवा. आमचे डॉक्टर सांगतात, कधी वाढलं, काय लावलं, सगळं लिहायचं. नाहीतर तिथं गेल्यावर काही आठवत नाही."

दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी सगळ्या शाळेसमोर उभी राहिले. तिला आधी विचारलं होतं, "तुझं नाव घेऊ का?" तर ती म्हणाली, "नको." म्हणून नाव न घेता सांगितलं, की एका मुलीला काय झालंय ते मी विचारलं नाही, स्वतःच ठरवलं आणि तिला वेगळं बसवलं. ती माझी चूक होती. बोलताना माझा आवाज कापत होता. माझ्या चेहऱ्यावर काय आहे ते मलाही अजून ठाऊक नाही आणि ते शोधायला मी जाणार आहे, हेही सांगितलं.

आणि त्याच संध्याकाळी एक शंभर पानी वही आणली. तिच्यातल्या काही ओळी वाचा:

"४ एप्रिल. एस.टी. चुकली, पाऊण तास उन्हात. संध्याकाळी गाल भाजल्यासारखे.

७ एप्रिल. रविवार, दिवसभर घरात. लाली कमी. बोटं मात्र सकाळी तासभर आखडलेली.

१२ एप्रिल. तोंडात फोड, टाळूला. दुखत नाही."

हीच वही घेऊन मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी ट्यूब मागितली. वाचली आणि म्हणाले, "बाई, हे स्टेरॉइड आहे." या औषधानं त्वचेची सूज आणि लाली तात्पुरती दबते, पण मूळ दुखणं तसंच राहतं. वर चेहऱ्याची त्वचा पातळ होते ती वेगळीच. शिवाय डॉक्टरांना खरं चित्र दिसत नाही, पाटीवरचं गणित अर्धवट पुसल्यावर तपासायला द्यावं तसं! अशा बऱ्याच मलमांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीला आपल्या सरकारनं २०१८ सालीच मनाई केली आहे. तरी ती पर्सा-पर्सांतून फिरतातच. डॉक्टरांनी ते मलम कसं थांबवायचं ते सांगितलं आणि काही आठवड्यांनी पुन्हा बोलावलं.

दुसऱ्या भेटीत त्यांनी भिंग घेऊन माझ्या नाकाशेजारची घडी पाहिली. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाते ना, ती. मला नवल वाटलं. एवढ्याशा घडीत काय पाहायचं? तर ऐका. डोक्यातल्या कोंड्यासारखा त्वचेचा एक विकार असतो, त्याची लाली नेमकी त्या घडीत बसते. पण 'ल्यूपस' नावाच्या आजाराची लाली दोन्ही गालांवर आणि नाकावर पसरते, आणि ती घडी बहुधा मोकळी सोडते. लांबून पाहिलं तर पंख पसरलेलं फुलपाखरू! व्हिएन्ना शहरातल्या हेब्रा नावाच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच ही उपमा दिली होती. माझी घडी मोकळी होती. डॉक्टर म्हणाले, "नुसत्या लालीवरून मी नाव देणार नाही. पण ऊन, बोटं आणि टाळूचा फोड, हे तुमच्या वहीत आहे. पुण्याला संधिवाततज्ज्ञांना दाखवा."

ल्यूपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. नाव ऐकूनच माझी पाचावर धारण बसली! रात्री मोबाइलवर शोधत बसले आणि आणखी घाबरले. शेवटी आमच्या ह्यांनी फोन हातातून काढून घेतला.

हा आजार असतो तरी कसा? कबड्डीच आठवा. चढाईला दुसऱ्या संघाचा गडी येतो आणि आपण त्याची पकड करतो. आपल्या रक्तातही असेच गडी असतात. बाहेरून जंतू आला की पकड! पण कधीकधी यांची ओळखण्यात चूक होते आणि ते आपल्याच गड्याची पकड करतात. असे आजार बरेच आहेत. सोरायसिसमध्येही शरीराचे रक्षक असेच बहकतात. ल्यूपसमध्ये त्वचा, सांधे, रक्त, मूत्रपिंड, कुठंही झोंबाझोंबी होऊ शकते. मोठ्या माणसांत दहांतल्या सुमारे नऊ रोगी बायका असतात. उन्हानं तो चाळवतो, कारण उन्हानं त्वचेच्या काही पेशी मरतात आणि त्यांच्या पोटातला माल बाहेर आला की हे गोंधळलेले गडी त्यावर तुटून पडतात.

१९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्ज नावाच्या डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली एक अजब दृश्य दिसलं. एका पांढऱ्या पेशीनं दुसऱ्या पेशीचं केंद्रकच गिळलं होतं! तेव्हापासून ल्यूपसचा माग रक्तात काढता येऊ लागला.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला दिलं. लघवीही दिली, कारण मूत्रपिंडाला इजा झाली तर सुरुवातीला दुखत नाही, पण लघवीत प्रथिनं उतरतात. रक्ताच्या एका तपासणीचं नाव ए.एन.ए. पेशीच्या केंद्रकावर धावून जाणारे गडी रक्तात आहेत का, हे तिच्यात पाहतात. ती कशी करतात माहितेय? रक्तातलं पाणी पातळ करत जातात. एक चमचा कोकम सरबत घ्या आणि त्यात १५९ चमचे पाणी घाला. रंग दिसेल का? माझ्या रक्ताचं पाणी तितकं पातळ केलं तरी काचपट्टीवरच्या पेशी चमकल्या. अहवालात लिहिलं होतं, १:१६०, पॉझिटिव्ह.

मी रडायलाच लागले. डॉक्टरीणबाईंनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "अहो बाई, एका उत्तरावरून तुम्ही मुलाला नापास करता का? अगदी धडधाकट शंभर माणसांची ही तपासणी केली तरी पाच-एक जणांत एवढी चमक दिसते. हा फक्त एक पुरावा आहे." बाकीचे अहवाल चांगले होते. मूत्रपिंड ठणठणीत होतं.

"मग मला झालंय तरी काय?" मी विचारलं.

"ल्यूपसच्या गावाच्या वेशीवर आहात तुम्ही," त्या म्हणाल्या. "आत जाल की इथूनच परत फिराल, हे आज सांगता येणार नाही. तुमच्यासारखी पुष्कळ माणसं वर्षानुवर्षं वेशीवरच राहतात. आपण लक्ष ठेवू."

मुलांनो, "आज सांगता येणार नाही" हे उत्तर पचवायला मला फार जड गेलं. आम्हा बाईमंडळींना प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर लिहायची सवय! पण नंतर कळलं, आधीच्या सगळ्यांनी मला झटपट नाव दिलं होतं, वांग, पित्त, इसब. नाव देण्याची घाई न करणाऱ्या या पहिल्याच. घाईनं दिलेलं नाव किती लागतं हे मला माझ्या वर्गातल्या दाराजवळच्या त्या बस्करानं शिकवलं होतं.

आता पुन्हा डिसेंबर आलाय. मी रोज एक गोळी घेते. हे औषध मूळचं हिवतापावरचं, बरं का! तिच्यासाठी अधूनमधून डोळे तपासावे लागतात. लांब बाह्यांचा ब्लाउज आणि छत्री कायमची. ठरल्या वेळी रक्त-लघवीची तपासणी. बोटं पुष्कळ मोकळी झालीत. लाली कधी असते, कधी नसते.

तुमच्यापैकी कुणाच्या अंगावर चट्टा किंवा लाली आठवड्या-दोन आठवड्यांत जात नसेल, तर घरच्या मोठ्यांना सांगा. त्याबरोबर ताप, सांधेदुखी, तोंडात फोड, केस गळणं, पायांवर किंवा डोळ्यांखाली सूज असं काही असेल, तर मुळीच थांबू नका. दुसऱ्याची ट्यूब लावू नका. एक वही करा. तारीख, काय झालं, काय खाल्लं-लावलं, उन्हात किती होतो, बस्स. जमलं तर लाली असताना फोटो काढून ठेवा. डॉक्टरांकडे जाल त्या दिवशी ती नेमकी लपून बसते!

आणि वर्गात कुणाच्या अंगावर काही दिसलं तर? ते काय आहे हे आपण ठरवायचं नाही. जवळ बसायचं आणि विचारायचं, "दुखतं का रे?"

यंदाच्या क्रीडास्पर्धेत मी मंडपात बसून गुण लिहिणार आहे. माझ्या शेजारी गुणपत्रक सांभाळायला कोण बसणार, ओळखा पाहू? ती सहावीत गेलीय आता. तिनं स्वतःहून हात वर केला.

तुमच्या,
बाई