सबवूफर विकलात, पण सेटिंग कोण करणार?

विषय बघून काही जण म्हणतील, सर, धंदा शिकवता शिकवता हे क्रॉसओव्हर कुठून काढलं? सांगतो. होम थिएटर विकणाऱ्या आपल्या छोट्या दुकानदारांचा नफा जिथे गळतो ना, ती जागा हीच आहे.

माझाच किस्सा. ट्रेनिंगच्या आधी मीही फिटिंग करायचो. ठाण्याच्या एका फ्लॅटमध्ये सिस्टीम बसवली. चार दिवसांनी फोन, "बेस येत नाही." गेलो, सबचा आवाज वाढवला. पुन्हा फोन. तिसऱ्या खेपेला मी पदरचे पैसे घालून मोठा सबवूफर दिला. तरी तेच! शेवटी सबच्या मागचं फेजचं बटण ० वरून १८० वर केलं आणि बेस आला. स्पीकर आणि सब, दोघं एकटे उत्तम वाजत होते. एकत्र वाजले की ८० हर्ट्झच्या आसपास एकमेकांचा आवाज मारत होते. मोठा सब द्यायची गरजच नव्हती. तो परत मागायचं तोंडही नव्हतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: सेटिंग ही फुकटची सेवा नाही, तो विकायचा माल आहे. बिलात वेगळी ओळ टाका.

पण पैसे घ्यायचे तर काम यायला हवं. सुरुवात ८० हर्ट्झपासून करा. टीएचएक्सने हाच आकडा धरलाय, आणि त्यामागे कारण आहे. साधारण त्याच्या खालचा आवाज नेमका कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही. म्हणून सब सोफ्याच्या बाजूला ठेवला तरी बेस पडद्याकडूनच आल्यासारखा वाटतो. अगदी छोटे, ३ इंची सॅटेलाइट असतील तर १२० किंवा १५० लागेल. तिथे मात्र सब पुढेच ठेवा, नाहीतर संवाद कोपऱ्यातून ऐकू येतील.

"सर, गिऱ्हाइकाने महागडे टॉवर घेतलेत, ते स्मॉल कसे करू?" बिनधास्त करा. स्मॉल म्हणजे कमीपणा नव्हे, खालचा भार सबकडे दिला एवढंच. तेवढाच आवाज ८० ऐवजी ४० हर्ट्झला काढायचा तर वूफरच्या कोनाला चौपट पुढे-मागे हलावं लागतं. तो भार काढला की संवाद मोकळे होतात. माइक लावून ऑटो सेटिंग केल्यावर रिसीव्हर बऱ्याचदा टॉवरना लार्ज करून ठेवतो. ते तपासल्याशिवाय घरातून निघू नका.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे सबच्या मागचा क्रॉसओव्हरचा नॉब ८० वर ठेवायचा आणि रिसीव्हरमध्येही ८०. झालं ना, एकावर एक दोन फिल्टर! मधला बेस खड्ड्यात. नॉब पूर्ण वर फिरवा किंवा एलएफई मोडवर टाका, गाळायचं काम रिसीव्हरला करू द्या. आणि एलएफई चॅनेलचा लो-पास वेगळा असतो बरं का, तो १२० वरच राहू द्या.

मग फेज. ८० हर्ट्झचा टोन लावा, गिऱ्हाइकाला त्याच्या नेहमीच्या जागेवर बसवा आणि बटण इकडे-तिकडे करा. जिथे आवाज जास्त, ते बरोबर. दोन मिनिटांचं काम.

खोलीचं मात्र कोणी ऐकत नाही. १२ फुटांच्या खोलीत त्या लांबीची पहिली घुमणारी फ्रिक्वेन्सी साधारण ४७ हर्ट्झ येते. तिथे बेस 'बूम' करतो आणि खालच्या मजल्यावरचे काका जिना चढून येतात. त्यावर क्रॉसओव्हर फिरवून काही होत नाही, सब हलवावा लागतो. सोपी युक्ती: सब सोफ्यावर ठेवून वाजवा, तुम्ही खोलीभर वाकून फिरा. जिथे बेस सारखा, स्वच्छ ऐकू येईल तिथे सब ठेवा. गिऱ्हाईक आधी हसतं, मग स्वतःच वाकून ऐकायला लागतं.

आणि त्याच वेळी सेटिंगचा दर सांगून टाका. बिल हातात दिल्यावर सांगितलात तर घासाघीस ठरलेली.