‘पारंपरिक’ दाढी : परंपरा नेमकी कोणाची?

१/१४
चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले अनेक गृहस्थ अलीकडे डब्यातला तयार फेस आणि प्लॅस्टिकचा रेझर टाकून देतात. त्यांच्या जागी ब्रश, साबणाची वडी आणि दुधारी पात्याचा धातूचा रेझर येतो आणि या नव्या छंदाला ‘पारंपरिक दाढी’ असे नाव मिळते. छंदाविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘पारंपरिक’ या विशेषणाविषयी. महाराष्ट्राच्या इतिहासापुढे हे विशेषण टिकत नाही. त्याची ही कारणमीमांसा. 🧵

२/१४
परीक्षेसाठी एक गाव घ्यावे : जांब समर्थ, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. १६०८ साली, रामनवमीच्या दिवशी, येथे नारायण सूर्याजी ठोसर जन्मला. पुढे तोच समर्थ रामदास झाला. चित्रांतून दिसणारे समर्थ जटाधारी आणि दाढीधारी आहेत. वस्तऱ्याचा आणि संन्याशाचा संबंध नव्हता. परंतु गावात राहणाऱ्या गृहस्थाचा होता. त्या गृहस्थाची दाढी कोण करी, हा पहिला प्रश्न.

३/१४
उत्तर सरळ आहे : न्हावी, मराठवाड्याच्या बोलीत वारीक. गावगाड्यातील बारा बलुतेदारांपैकी तो एक. प्रत्येक दाढीचे पैसे मोजण्याची रीत नव्हती. घरे बांधलेली असत आणि सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते मिळे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे हक्क आणि तिची कुरकुर दोन्ही नोंदलेली आहेत. दाढी हा एकांतातला विधी नव्हता. तो दोन घराण्यांमधला पिढीजात व्यवहार होता.

४/१४
त्या व्यवहाराची साधने एका धोकटीत मावत : वस्तरा, कातर, चिमटा, नराणी, आरसा, पाण्याची वाटी, धार लावण्याचा दगड आणि चामड्याचा पट्टा. साबणाचा फेस खेड्यात फार उशिरा आला. त्याआधी पाणी आणि न्हाव्याची बोटे एवढ्यावरच केस मऊ होत. केस कोणत्या अंगाने वळतो, हनुवटीखाली हात कुठे हलका ठेवायचा, हे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते बापाकडून मुलाकडे जाई आणि जातीच्या कुंपणाबाहेर पडत नसे.

५/१४
येथेच पहिला दावा कोसळतो. आरशासमोर उभे राहून गृहस्थाने स्वतःच्या गालावर स्वतः पाते फिरवायचे, ही जांबची किंवा मराठी मुलखातल्या कोणत्याही जुन्या गावाची सर्वसाधारण रीत नव्हती. तेथे दाढी करणारा एक आणि करून घेणारा दुसरा असे. ‘आजोबांच्या आजोबांचा वारसा’ म्हणून ज्याचा गौरव होतो, ते काम त्या आजोबांच्या आजोबांनी हयातीत क्वचितच केले असेल. ते काम ज्याने केले, त्याचे नाव मात्र या वारशात कुठेच येत नाही.

६/१४
मग हा रेझर आला कुठून? फ्रान्समधल्या झाँ-झाक पेरे या कारागिराने स्वतःची दाढी स्वतः करण्याच्या कलेवर अठराव्या शतकातच पुस्तक लिहिले होते. आजच्या दुधारी रेझरचा जनक मात्र अमेरिकन विक्रेता किंग कँप जिलेट. टाकून देण्याच्या पात्याची कल्पना १८९५ साली त्याच्या डोक्यात आली, तेव्हा त्याने चाळिशी गाठली होती. १९०३ मध्ये खपले अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढच्या वर्षी पेटंट मिळाले, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानातून हा रेझर युरोपभर पोहोचला.

७/१४
अर्थात, ज्याला ‘परंपरा’ म्हटले जाते ते विसाव्या शतकातील कारखान्याचे उत्पादन आहे. आणि त्यामागचे तत्त्वही वापरा, फेका, पुन्हा विकत घ्या, हेच आहे. आज प्लॅस्टिकच्या रेझरला नावे ठेवताना ज्या तत्त्वावर टीका होते, त्याचाच हा पूर्वज. धातूच्या रेझरने कचरा कमी होतो, खर्च वाचतो, त्वचेला त्रास कमी होतो, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे ग्राह्य असू शकते. पण तो उपयुक्ततेचा युक्तिवाद झाला. त्याला पुरातनाचा शेंदूर फासण्याचे कारण नाही.

८/१४
येथे दुसरा पक्ष पुढे सरसावतो : ‘मग बलुतेदारीच खरी परंपरा, गाव कसे एकोप्याने नांदत होते!’ हा दावा पहिल्यापेक्षा अधिक घातक आहे. तोच वस्तरा उच्चवर्णीय विधवेच्या डोक्यावरून फिरत होता. पती गेला की केशवपन, आणि केस पुन्हा वाढले की पुन्हा केशवपन. तिची इच्छा कोणी विचारीत नसे. न्हाव्याची इच्छाही कोणी विचारीत नसे. एकोप्याचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी त्या दोघांना विचारायला हवे होते.

९/१४
नाभिकांनी स्वतः मात्र या प्रश्नाचे उत्तर दिले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचे अनुयायी आणि कामगार चळवळीचे प्रणेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा निर्धार झाला. सुशिक्षित सुधारक संमतीच्या वयावर वाद घालत असताना हातावर पोट असलेल्या कारागिरांनी आपल्या उत्पन्नावर पाणी सोडले. महाराष्ट्रात वस्तऱ्याची अभिमानास्पद परंपरा शोधायचीच असेल, तर ती येथे सापडते : वस्तरा खाली ठेवण्यात.

१०/१४
आता या व्यवस्थेच्या कुंपणाबाहेर पाहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत साताऱ्यातील बालपण नोंदवले आहे. गावात न्हावी होते, घरात पैसेही होते. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता. भावंडांचे केस थोरली बहीण कापी. सवयीने ती त्या कामात पटाईत झाली होती. दाढी-हजामत घरच्या घरी स्वतः करण्याची मराठी परंपरा खरोखर असेल तर ती ही आहे. ती छंदातून जन्मली नाही, नकारातून जन्मली.

११/१४
नकाराचा हा आरसा दूर देशातही समोर आला. प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्याने मोहनदास गांधींचे केस कापण्यास तुच्छतेने नकार दिला. त्यांनी मशीन विकत घेतले, आरशासमोर स्वतःच केस कापले, मागची बाजू बिघडवली आणि न्यायालयात मित्रांच्या हसण्याचा विषय झाले. परंतु त्यांनी दोष त्या न्हाव्याला दिला नाही. आपल्याकडचे न्हावी अस्पृश्यांचे केस कापत नाहीत आणि आपण ते चालवून घेतो, त्याचेच हे फळ, असा निष्कर्ष त्यांनी काढला. स्वावलंबनाच्या गोष्टीत इतका प्रामाणिकपणा असावा.

१२/१४
नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ‘दुकान’ या शब्दाची व्याप्ती चर्चेला आली. जो कोणी मागेल त्याला सेवा देणारे प्रत्येक ठिकाण ‘दुकान’ या संज्ञेत येते, असा व्यापक अर्थ आंबेडकरांनी मांडला. पुढे अस्पृश्यतेविरुद्धच्या १९५५ च्या कायद्याने केशकर्तनालयाचा दुकानाच्या व्याख्येत स्पष्ट समावेश केला. साताऱ्यातल्या बहिणीच्या कातरीपासून कायद्याच्या पानापर्यंतचा हा प्रवास. निजामी राज्यातून त्याच १९४८ च्या सप्टेंबरमध्ये मुक्त झालेल्या मराठवाड्यात, म्हणजे जांबच्या पाराजवळही, तो कायदा लागू झाला. कागदावरून खुर्चीपर्यंत पोहोचायला त्याला किती वेळ लागला, हे त्या खुर्चीची वाट पाहणाऱ्यांनाच ठाऊक.

१३/१४
भाषाही साक्ष देते. एखाद्याची फजिती केली की मराठी माणूस म्हणतो, ‘बिनपाण्याने केली.’ ‘हजामत’ हा शब्द शिवीसारखा फेकला जातो. ज्या समाजाने प्रतापगडावर जिवा महाला आणि पन्हाळ्यावर शिवा काशीद दिला, ज्याच्या सेना महाराजांनी धोकटीतल्या आरशा-चिमट्याला विवेक आणि वैराग्य यांची रूपके केले, त्याच्या व्यवसायाचे नाव आजही उपहासासाठी वापरले जाते. तोच व्यवसाय महागड्या डबीत बंद होऊन परदेशी नावाने आला, की मात्र ती ‘अभिरुची’ ठरते.

१४/१४
पन्नाशीत नवे कौशल्य हाती घेणे चांगलेच आहे. प्रयत्नाला वयाची अट नसते. पाते गालाशी तिरपे धरावे, दाब देऊ नये, केसाच्या ओघाने जावे : न्हाव्याच्या मुलाला बालपणीच जे शिकवले जाई, ते पन्नाशीतला गृहस्थ रक्ताचे दोन थेंब सांडून शिकतो. त्या दोन थेंबांनी त्याला त्या मुलाची आठवण झाली पाहिजे. दाढीनंतर फिरवायचा तुरटीचा खडा परदेशी वेष्टनातून मागवला जातो; खेड्यातल्या न्हाव्याच्या धोकटीत तो पिढ्यान्‌पिढ्या होता आणि जांबच्या किराणा दुकानात आजही मिळेल. छंद जरूर जोपासावा. मात्र त्याला परंपरा म्हणायचे असेल, तर त्या परंपरेचे बलुते अजून थकलेले आहे, हेही सांगावे.