जुनी गाडी, नवा आवाज



दिवाळी जवळ आली की पुण्या-बंगळूरहून बेळगाव-निपाणीकडे येणाऱ्यांच्या डोक्यात एक विचार हमखास असतो : बाबांची गाडी जुनी झाली, ते ती विकणार तर नाहीत, निदान तिच्यात चांगली सिस्टीम तरी बसवून देऊ. विचार छान आहे. फक्त पैसे कुठे घालायचे, ते आधी ठरवू या.

दुकानात पहिल्यांदा दिसतो तो खोक्यावरचा '५० वॅट गुणिले ४' हा आकडा. आपण थोडं गणित करू. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात आणि स्पीकर सहसा ४ ओहमचा असतो. १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे जवळपास ५२ वॅट. खोक्यावरचे ५० येतात ते इथून! पण हा हिशेब आवाज पूर्ण फाटलेला असतानाचा. स्वच्छ आवाजासाठी त्याच्या निम्मे, म्हणजे फार तर २६; आतलं नुकसान वजा जाता हातात १५ ते २० वॅट. खोक्यावर 'आरएमएस' असं लिहिलेला आकडा शोधा, तोच खरा. 'पीएमपीओ'कडे तर बघूही नका.

आणि वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, तो फक्त ३ डेसिबलने वाढतो. तेवढाच फरक ८८ ऐवजी ९१ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घेतला तरी पडतो, तोही अ‍ॅम्प्लिफायर न घेता. म्हणून पहिला खर्च पुढच्या दोन दरवाजांतल्या स्पीकरवर करा. गाणं ऐकणारे पुढेच बसलेले असतात.

दुसरा खर्च दरवाजावर. स्पीकर जेवढा आवाज पुढे फेकतो तेवढाच मागेही फेकतो. दरवाजाच्या पत्र्याला मोठी भोकं असली की मागचा आवाज पुढे येऊन मिसळतो आणि बास मरतो. शिवाय जुना पत्रा थरथरतो. ब्युटाइलची डॅम्पिंग शीट चिकटवली की दोन्ही त्रास कमी होतात, आणि तवंदी घाट चढताना बाहेरची घरघरही थोडी कमी होते. मात्र आपल्याकडचा पाऊस विसरू नका. काचेवरून दरवाजात उतरलेलं पाणी तळाच्या बारीक भोकांतून बाहेर जातं. ती बुजली तर दोन पावसाळ्यांत दरवाजा सडायला लागेल. स्पीकरचा कोनही कागदी न घेता पॉलिप्रॉपिलीनचा घ्या.

तिसरा भाग वायरिंगचा, आणि इथे तडजोड नको. गाडीची मूळ वायर तोडून पिळे मारून टेप गुंडाळायला कुणालाही देऊ नका. तुमच्या मॉडेलचा कपलर मिळतो, तो शंभर-दोनशे रुपयांनी महाग पडला तरी घ्या. अ‍ॅम्प्लिफायर घेतलाच तर त्याची वायर थेट बॅटरीपासून, अस्सल तांब्याची, आणि बॅटरीपासून वीतभर, फार तर दोन वितींच्या आत फ्यूज. फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरजवळ लावून चालत नाही. वाटेत वायर घासून पत्र्याला टेकली तर त्याआधीचा सगळा तुकडा तापतो. जुन्या गाड्यांत आग लागते ती अशाच ठिकाणाहून. आईबाबा ज्या गाडीत बसणार, तिथे ही काळजी स्पीकरच्या कंपनीपेक्षा महत्त्वाची.

टचस्क्रीन घ्यावा का? बाबांना एक गोल बटण आणि ब्लूटूथ पुरत असेल तर नको. रात्री महामार्गावर डोळ्यांसमोर चमकणारा पडदा त्यांना नकोसाच होतो. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, हेही ध्यानात ठेवा. स्टीरिओ आणि स्पीकर पुढच्या गाडीत नेता येतील असेच घ्या.

पैसे देण्याआधी परीक्षा घ्या, पण दुकानदाराच्या धडधडत्या गाण्यावर नको. त्यावर सगळंच भारी वाटतं. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं एखादं ध्वनिमुद्रण लावा. तानपुऱ्याची जवारी वेगळी ऐकू येते का? गाताना मध्येच घेतलेला श्वास कळतो का? आवाज डॅशबोर्डच्या मधून आल्यासारखा वाटतो का? तिन्ही उत्तरं 'हो' असतील तर सबवूफरची घाई नको.

शेवटचं एक. गळीत हंगामात निपाणीच्या बाजूला उसाचे ट्रॅक्टर कसे गाणी वाजवत जातात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मागून कितीही हॉर्न मारा, त्यांना पत्ता नसतो. आपल्या गाडीत आवाज एवढाच ठेवा, की मागच्याचा हॉर्न आणि शेजारच्या सीटवरून आईने मारलेली हाक, दोन्ही ऐकू यायला हवं.