अनुभव आहे, वाचन कुठे आहे?

आमच्या संमेलनांत एक वाक्य आता सवयीचे झाले आहे : 'आम्ही जगलो ते लिहिले.' त्यावर टाळ्या पडतात. आम्हाला या टाळ्यांची भीती वाटते. जगलेले कागदावर उतरवायला जे लागते ते नुसत्या जगण्यातून येत नाही; ते दुसऱ्यांचे लिहिलेले वाचून येते. आणि नेमके तेच आपण ऐच्छिक ठरवून टाकले आहे.

आपल्या दंगलकथा घ्या. किती कथांच्या शेवटी मुसलमान नायक शेजारच्या हिंदू मुलाला रक्त देतो! लिहिणारा पोरगा खोटारडा नाही. त्याच्या मोहल्ल्यात तसे घडलेही असेल. पण दहा दंगलकथा वाचल्या असत्या, तर हे रक्त किती वेळा देऊन झाले आहे ते त्याला कळले असते. मग त्याने स्वतःला विचारले असते, की आपण कथा लिहितो आहोत की जामिनाचा अर्ज?

प्रस्थापित समीक्षक यावर काही बोलत नाहीत. 'अनोखे अनुभवविश्व', 'प्रामाणिक उद्गार' असे चार शब्द टाकून ते मोकळे होतात. वाक्य कसे बांधले, पात्र का फसले, हे ते आपल्या लोकांना विचारत नाहीत. ही खैरात आहे, आणि आपण ती सत्कार म्हणून स्वीकारतो.

शिंप्याच्या दुकानातला नवशिका कारागीर जुना सदरा उसवून बघतो. बाही कुठे जोडली, शिवणीत कापड किती सोडले, हे त्याला उसवल्याशिवाय कळत नाही. पुस्तक असे उसवून वाचणारे आपल्यात किती? हमीद दलवाईंची 'इंधन' ही कादंबरी १९६५ सालची. दुसऱ्याच वर्षी, १८ एप्रिल १९६६ रोजी, त्यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, आणि आपल्या घरांतून त्यांच्या विचारांबरोबर त्यांची कथा-कादंबरीही हद्दपार झाली. त्यांच्या विचारांशी भांडण असेल तर जरूर भांडा. पण बऱ्याच वर्षांनी गावी परतलेला निवेदक, कोकणातले मुसलमानांचे घर, गावातल्या जुन्या कुरबुरी, आणि त्यांतून पेटत जाणारा वणवा हे सगळे मराठीत कसे उभे राहते, हे तिथे शिकायचे नाही तर कुठे? दलवाईंचे समर्थक तरी ती कुठे वाचतात म्हणा! त्यांनाही भाषणापुरतेच दलवाई लागतात.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदबाबांचे नाव आपण प्रत्येक स्वागतपर भाषणात घेतो. 'योगसंग्राम' किती जणांनी उघडला? साडेतीन चरणांची ओवी त्यांना काही जन्मतः मिळाली नव्हती. आधीच्यांची ओवी कानात मुरली होती, म्हणून स्वतःचे सांगणे त्यांना तिच्यात बसवता आले.

आता बलागतीचे बघू. मदरशात अरबी शिकणारा तालिब हा विषय रीतसर शिकतो. अकराव्या शतकातल्या अब्दुल काहिर जुर्जानीने सांगून ठेवले आहे, की बोलण्याची ताकद सुट्या शब्दांत नसते, त्यांच्या मांडणीत असते. आमच्या मराठी लेखकाला मात्र हा विषय मौलवींचा वाटतो. मग वर्तमानपत्रात 'दंगल उसळली' असे छापून येते तेव्हा त्या वाक्यात कर्ता नाही, हे त्याच्या ध्यानात येत नाही. दंगल काय दूध आहे, आपोआप उसळायला? 'मुसलमान असूनही छान मराठी बोलतात' या कौतुकात सगळे विष 'असूनही' या एका शब्दात आहे. आपण वाचकांच्या पत्रव्यवहारात तावातावाने दोन पाने खरडतो आणि त्या शब्दाला हातही लावत नाही. ज्याचे लिखाण आपल्याला टोचते त्याचे तर दोनदा वाचावे. सुई कुठे लपवली आहे ते दुसऱ्या वाचनात सापडते.

वेळ नाही, पैसा नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. मागावर बारा तास उभे राहणाऱ्याला आम्ही उपदेश करणार नाही. तरी शाहीर अमर शेखांच्या सोबतीने कलापथकात गाणारे अण्णाभाऊ साठे आठवा. शाळेचे तोंड त्यांनी जेमतेम पाहिले, पण गॉर्की वाचला. आणि १९५९ साली 'फकिरा' दिली. खरी अडचण आपल्या मुलींची आहे. तालुक्याचे वाचनालय बाजारपेठेत, संध्याकाळी उघडणारे. मोहल्ल्यातल्या वाचनालयात दोन उर्दू दैनिके आणि बाकड्यांवर पुरुष. त्यांनी वाचायचे कुठे? या प्रश्नावर आपल्या एखाद्या परिसंवादात अर्धा तास तरी खर्च झाला आहे का?

संमेलनात मांडव पडतो, बिर्याणी शिजते, शाली वाटल्या जातात, उद्घाटक मंत्री दोन तास उशिरा येतात. कथालेखनाची कार्यशाळा असलीच तर जेवणानंतर, पाऊण तासाची. तीतही वक्ता स्वतःच्याच कथा वाचतो. शालींचा खर्च एक वर्ष थांबवला, तर एका मोहल्ल्यात मुलींसाठी एक खोली आणि तीत शंभर मराठी पुस्तके सहज उभी राहतील. पुढच्या संमेलनाच्या आयोजकांनी जमाखर्च जाहीर करताना त्यात पुस्तकांचे खाते कुठे आहे, ते आम्हाला दाखवावे.